बारा आठ

घाटाच्या दिवशी सत्तारचाचाच्या एका खिशात घड्याळ असायचं आणि दुसऱ्या खिशात सुपाऱ्या. अख्ख्या, न फोडलेल्या, मोजून चार.

बैलगाड्यांच्या शर्यती संपल्या, बक्षिसं वाटून झाली, मांडववाले दोऱ्या सोडायला लागले की आम्ही पंच मंडळी घाटाच्या, म्हणजे शर्यतीच्या चढाच्या, कडेच्या बाभळीखाली बसायचो. खालच्या निशाणाला भागू, वरच्या निशाणाला त्याचा मावसभाऊ, घड्याळाला सत्तारचाचा आणि कागदाला मी. आम्हाला कोणी पगार देत नव्हतं. नारळ, टॉवेल आणि दुपारचं जेवण. जत्रांच्या दिवसांत गावोगावची माणसं आम्हाला बोलवायची, कारण आमच्या घाटात भांडण होत नाही असं नाव झालं होतं.

ते नाव सुपारीमुळं झालं होतं. ज्याची पाळी असेल त्यानं सुपारी गालात धरायची. चावायची नाही, थुंकायची नाही. बाकीच्या तिघांनी त्याच्या दिवसभरातल्या चुका सांगायच्या. भागू, तुझं निशाण बैल हलल्यावर पडलं. सावळेराम, तू दोन बाऱ्यांची नावं उलटी लिहिली. तोंडात सुपारी असली की माणसाला उलटून बोलता येत नाही, नुसतं ऐकावं लागतं. सगळ्यांचं सांगून झालं की सुपारी बाभळीच्या बुडाशी टाकायची आणि पुढच्याची पाळी.

चाचाचे आणखी दोन नियम होते. चूक सुपारीवरच सांगायची, बाजारात नाही, एसटीत नाही. पूर्वी एका घाटात दोन निशाणवाल्यांनी भर मांडवात एकमेकांच्या चुका काढल्या आणि एकमेकांची डोकी फोडली, ते चाचानं पाहिलं होतं. दुसरा नियम असा, की आपली चूक आपण सांगायची नाही. दुसऱ्यानं सांगायची.

"आपली चूक माणूस धुऊन सांगतो," चाचा म्हणायचा. "दुसरा सांगतो ती मळकी आसती. तीच खरी."

चाचाचं ओतूरला एसटी स्टँडजवळ घड्याळदुरुस्तीचं टपरीएवढं दुकान होतं. मी निमगाव सावाचा. मी अक्षर शिकलो ते एकेचाळिसाव्या वर्षी, गावात साक्षरतेचा वर्ग निघाला तेव्हा. वर्ग बंद पडल्यावर शिकलेलं विसरून जाईल म्हणून चाचानं मला कागदाला बसवलं. पहिल्या वर्षी माझा चार आणि पाच सारखाच दिसायचा. चाचानं सुपारीवर सांगितलं, मी घरी येऊन पाटीवर चारशे वेळा चार काढला.

सन अठ्ठ्याण्णवच्या चैत्रात घड्याळ बदललं. जुनं घड्याळ काट्याचं होतं, सेकंदाच्या दहा खुणा दाखवायचं. चाचा "बारा आठ" म्हणाला की बारा सेकंद आणि आठ खुणा. मी लिहायचो १२.८. सात वर्षं असंच चाललं. त्या वर्षी ओतूरच्या रूपचंदशेठनी आकड्यांचं नवं घड्याळ घाटाला भेट दिलं. कापडाचे व्यापारी, त्यांना बैलांचा नाद होता. त्यांनी मांडवात स्वतः चाचाच्या गळ्यात घातलं.

"चाचा, आता सेकंदाचे शंभर तुकडे दिसतील."

"शेठ, धा तुकड्यांत मारामाऱ्या व्हत्यात," चाचा म्हणाला, "शंभरात मुडदं पडतील." मांडव हसला. मीही हसलो.

त्या रविवारी साठाच्या वर बाऱ्या झाल्या; एका बारीला एकच गाडा. गाडा घाट चढून जाई, वरचं निशाण पडे, चाचा आकडा बोले, मी लिही. बारा एकतीस. तेरा बावीस. बारा सत्तावन्न. दुपारी उन्हाच्या कडाक्यात लोणीच्या भगवंताचा गाडा सुटला. पुढच्या जोडीत उजवीकडं त्याचा पाखऱ्या होता, पांढरा, कानाशी तांबूस ठिपका. गाडा डोळ्यांसमोरून गेला तेव्हा धुरळाच दिसला. लोक उठून उभे राहिले.

चाचा बोलला, "बारा आठ."

मी लिहिलं १२.८.

बाऱ्या संपल्यावर कागद नीट करायला घेतला. सगळे आकडे दोन घरांचे होते, हा एकच एका घराचा. उघडा दिसत होता. मी त्याच्या शेपटाला शून्य लावलं. १२.८०. शून्य लावताना हात अडला. एकदा चाचाला विचारावं, असं वाटलं. पण भगवंत माझा साडू. माझ्या धोंडाबाईची चुलत बहीण साळुबाई त्याला दिलेली. साडूच्याच बारीला कागद घेऊन उठलो तर मांडव म्हणेल, बघा, साडूसाठी उठला. मी बसून राहिलो.

पाच नंबरांना बक्षिसं होती. भगवंत सहावा आला.

तो मांडवात आला तेव्हा त्याच्या पागोट्यावरचा गुलाल अजून ओला होता. लोकांनी आधीच उधळला होता.

"पंच, काय तरी गफलत हाय. माझा गाडा सहावा? डोळं फुटलं का सगळ्यांचं?"

चाचानं माझ्याकडं पाहिलं. "किती लिवलंय?"

"बारा आठ," मी म्हणालो.

"मंग बरुबर. बारा आठच बोललो मी."

साठ बाऱ्यांत कुणाला किती लागले ते घड्याळवाल्याच्या ध्यानात राहत नाही. त्यानं बोलायचं, ध्यानात कागदानं ठेवायचं.

भगवंत माझ्यापुढं वाकला. "साडूभाऊ, तुमी तरी नीट बघा की. एकडाव बघा."

मांडवातले पन्नास डोळे माझ्यावर होते. मी जरा मोठ्यानं म्हणालो, "साडूभाऊ, कागदाला साडू-मेव्हणा नसतो."

मांडव खदाखदा हसला. मागून कोणीतरी ओरडलं, "बैल म्हातारं झालं राव! आऊताला लावा आता!" भगवंतानं पागोटं काढलं, झटकलं, काखेत धरलं आणि उघड्या डोक्यानं उतरून गेला.

बाभळीखाली चाचानं सुपारी गालात धरली आणि आमच्याकडं पाहिलं. भागू म्हणाला, काय न्हाई. त्याचा मावसभाऊ म्हणाला, काय न्हाई. मीही तेच म्हणालो. मग माझी पाळी आली. माझीही चूक कुणाला सापडली नाही.

"आज सुपारी फुकाट गेली," चाचा खूश होऊन म्हणाला.

*

गुरुवारी घरातलं गजराचं घड्याळ घेऊन मी ओतूरला गेलो. चाचा डोळ्याला भिंग लावून बसला होता. माझ्या आधी एक पोरगेला मास्तर उभा होता, त्याच्या आकड्यांच्या मनगटी घड्याळात नवा सेल घालायचा होता. चाचानं सेल बसवला, भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहत बारीक बटण दाबत राहिला आणि घड्याळ त्याच्या हातात दिलं.

"घ्या गुरुजी. बारा आठ."

मास्तर घड्याळ बांधत होता. माझी नजर सहज त्याच्या मनगटावर गेली. आधी बारा. मग दोन ठिपके. मग शून्य. मग आठ.

मी फळीला धरलं.

"काय रं सावळ्या, ऊन लागलं का? बस. पाणी पी."

मी पाणी प्यायलो. चाचानं माझं घड्याळ उघडलं, फुंकर मारली, म्हणाला, "तेल संपलंय, दुसरं काय न्हाई." मी त्याच्या तोंडाकडं पाहत होतो. चाळीस वर्षं त्या तोंडानं लोकांना वेळ सांगितली होती. बारा आठ, दोन पाच, सात तीन. वेळ सांगताना शून्य कोण बोलतं?

दुकानात दोन गिऱ्हाइकं आली. मी घड्याळ घेऊन निघालो. एसटीत बसल्यावर मनाला समजावलं, चूक सुपारीवर सांगायची असते. चाचाचाच नियम आहे. पुढचा घाट बुधवारी. बुधवारी सांगू.

घरी धोंडाबाई अंगणात कांद्याची पात कापत बसली होती. मी जेवलो नाही. तिनं दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विळा खाली ठेवला. मी सगळं सांगितलं. तिला आकडे येत नव्हते. मी काटकीनं मातीत काढून दाखवलं, शून्य इथं असलं की हे, तिथं असलं की ते.

"एवढ्याशा भोकानं?" ती म्हणाली.

"एवढ्याशानंच."

"मंग लोनीला जावा की. आत्ताच्या गाडीनं जावा. सांगा त्याला, पयला तूच व्हतास म्हनून."

"बुधवारी सुपारीवर सांगतो. आधी चाचाला कळू दे. परस्पर सांगितलं तर त्या म्हाताऱ्याची अब्रू जाईल."

"चूक म्हंजे जेवनाचं ताट हाय व्हय, सगळी बसल्याबिगर वाढायचं न्हाई?"

तिनं विळा उचलला.

शनिवारी तिसऱ्या प्रहरी लोणीहून माणूस आला. भगवंतानं भर दुपारी बैल सरावाला काढले होते. पाखऱ्या चढाला कमी पडतो म्हणून गाड्यात दोन पोती माती टाकली होती. चढावर पाखऱ्याचा पुढचा पाय धोंड्यात गेला आणि मोडला. गाडा उलटा मागं आला. भगवंत चाक धरायला मागं धावला, तर चाक त्याच्या गुडघ्यावरून गेलं.

"जिता हाय," तो माणूस म्हणाला. "मंचरला नेलाय. बैलाला रातच्याला डाक्टर शेवटची सुई देनार हाय."

धोंडाबाईनं माझ्याकडं पाहिलं नाही. ती आत गेली, दोन भाकरी फडक्यात बांधल्या, दोन विळे पोत्यात गुंडाळले. साळुबाईचा अर्धा एकर कांदा काढायला आला होता आणि आता घरात काढणारा कोणी नव्हता. सावडीला जायचंच होतं; आम्ही एकमेकांच्या शेतात बदल्याचं काम करायचो.

*

लोणीची जमीन आमच्यासारखी नाही. चैत्रात विहीर दोन तास चालते आणि मग मोटार नुसतीच घुमते. कांदा आमच्याकडल्यापेक्षा बारीक आणि माती त्याला आवळून धरलेली. उपटताना बोटांची पेरं सोलत. रविवारी दुपारपर्यंत धोंडाबाईच्या हाताला दोन फोड आले. साळुबाई पुढं, धोंडाबाई तिच्या मागं, मी शेवटच्या वाफ्यात. दुपारपर्यंत उपटायचा, मग सावलीला बसून पात कापायची, संध्याकाळी पाट्या भरून घरामागच्या साठवणीच्या बराखीत नेऊन ओतायचा. कांद्याचा रस बोटांना काळा चढतो, घामाबरोबर डोळ्यात उतरतो. डोळ्यातून पाणी आलं तरी कुणी कुणाला विचारत नाही.

गोठ्यात तीन बैल होते. चौथी दावण रिकामी. साळुबाई वैरण टाकताना चार पेंढ्या घेऊन जायची आणि एक परत आणायची.

सोमवारी भगवंताला जीपमधून घरी आणला. मांडीपासून घोट्यापर्यंत पांढरं प्लास्टर. डॉक्टरनं सांगितलं होतं, हाड जुळेल, गुडघा वाकणार नाही. ओसरीवर बाज टाकली, त्याला आडवा केला. शेजारीपाजारी येऊन बसत. त्यातले निम्मे त्या दिवशी घाटाला गेलेले.

"तुला सांगत व्हतो, बैल थकलाय," एक म्हातारा म्हणाला.

"थकला न्हवता," भगवंत म्हणाला.

"मंग सहावा कसा आला?"

लोक गेल्यावर भगवंतानं मला जवळ बोलावलं. माझ्या अंगाला कांद्याचा वास, त्याच्या अंगाला दवाखान्याचा.

"साडूभाऊ, तुमी वर मांडवात व्हता. तुमाला सगळा घाट दिसतो. खरं सांगा. पाखऱ्या कुठं कमी पडला?"

बोटांना चढलेला कांद्याचा काळा रस मी नखानं खरवडायला लागलो.

"मी रातंदिस त्योच इचार करतोय. सुटला तर बंदुकीवानी. मधी म्या सोता बघितला, दावं ताठ व्हतं. मंग कुठं? मी त्याला घरी आनल्यावर दोन दिस पेंड दिली न्हाई. रागानं. पराणी टोचली. मुक्या जनावराला... कुठंतरी कमी पडला आसंल तरच माझ्या जिवाला बरं वाटंल. सांगा."

चाचा इथं नव्हता, सुपारी नव्हती. धोंडाबाई चुलीपाशी भाकरी थापत होती. तिचा थापण्याचा आवाज थांबला.

मी म्हणालो, "शेवटाला. निशाणापाशी जरा ढिला पडला."

भगवंतानं डोळे मिटले. मान हलवली. "वाटलंच मला. शेवटालाच आसंल."

थापण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. त्या दिवशी धोंडाबाईनं माझ्या ताटात भाकरी वाढली ती करपलेली.

मंगळवार गेला. बुधवारी घाट होता, मी गेलो नाही. कांदा सोडून कसा जाऊ, असं साळुबाईला म्हणालो. ती म्हणाली, "दाजी, तुमच्यासारखी मानसं हायत म्हनून आमी हावोत." त्या दिवशी मी दोन माणसांचं काम केलं. संध्याकाळी कंबर सरळ होईना. पाटी उचलताना पाठीत कळ आली आणि मी तिथंच बसलो. धोंडाबाई वाफ्याच्या बांधावर उभी होती.

"मरस्तोवर कांदा उपटला तरी ते शून्य उपटनार न्हाई," ती हळू म्हणाली. "तुमी सांगता का मी सांगू?"

"मी सांगतो."

"कवा?"

मी पाटी उचलली.

*

शुक्रवारी ऊन कलायला लागलं तेव्हा बांधावरून चाचा येताना दिसला. पांढरा लेंगा, डोक्याला टॉवेल, हातात केळ्यांची फणी. ओतूरहून दोन एसट्या बदलून आला होता. तो घराकडं गेला नाही, सरळ माझ्या वाफ्यात आला आणि कांद्यांच्या ढिगापाशी उकिडवा बसला. बायका पलीकडच्या वाफ्यात होत्या.

"बुधवारी आला न्हाईस."

"कांदा..."

"कागदाला नवा पोरगा बसवला. कालेजातला." चाचानं एक कांदा उचलला, त्याची माती अंगठ्यानं पुसली. "एक गाडा आला. मी बोललो, अकरा पाच. त्यानं लिवलं न्हाई. म्हनला, चाचा, अकरा शून्य पाच का अकरा पन्नास? समद्या मांडवासमोर. मला राग आला. म्हनलं, तुला कळत न्हाई का? तर म्हनतो, नाय कळत. दाखवा घड्याळ."

त्यानं कांदा खाली ठेवला.

"बाभळीखाली माझ्या तोंडात सुपारी व्हती, तवा त्यानं परत सांगितलं. चाचा, तुमी शून्य बोलत न्हाई. तवा मला भगवंताची बारी याद आली. सावळ्या, त्या दिशी तू काय लिवलंस?"

"बारा ऐंशी. संशय आला होता, पण साडूची बारी म्हणून विचारलं नाही."

चाचाचं तोंड उघडं राहिलं. पुढचे दोन दात पडलेले होते, तिथून वारा गेल्यासारखा आवाज आला.

"आन् तुला कवा कळलं?"

"गुरुवारी. तुमच्या दुकानात. गुरुजीच्या घड्याळात."

"गुरुवारी." त्यानं बोटं मोजली. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. "तू माझ्याम्होरं पानी पीत बसला व्हतास."

"बुधवारी सुपारीवर सांगणार होतो चाचा. नियम..."

"नियम?" चाचा एवढंच म्हणाला. मग कपाळावर हात ठेवून बसला. "सुपारी मी मानसानं बोलावं म्हनून काढली व्हती रं. तू तिच्या मागं लपलास."

तो उठला. गुडघे वाजले. खिशातून दोन सुपाऱ्या काढल्या, एक माझ्या हातात दिली.

"चल."

ओसरीवर भगवंत उताणा पडून वाशांकडं पाहत होता. चाचाला पाहून त्यानं उठायची धडपड केली.

"या चाचा. एवढ्या लांब कशाला आलासा? साळू, च्या टाक."

साळुबाई आणि धोंडाबाई शेतातून येऊन दाराशी उभ्या राहिल्या, हातातले विळे तसेच. चाचानं केळी बाजेच्या पायथ्याशी ठेवली. तो खाली जमिनीवर बसला, मीही बसलो. चाचानं आपली सुपारी गालात धरली आणि मला खूण केली.

मी सांगितलं. "चाचानं घड्याळात बारा शून्य आठ वाचलं. तोंडानं बारा आठ बोलला. शून्य बोलला नाही."

भगवंत माझ्याकडं पाहत होता, त्याला काही कळत नव्हतं. चाचानं सुपारी काढून मुठीत घेतली. मी माझी गालात धरली.

चाचा बोलला, "ह्यानं बारा आठ ऐकलं. संशय आला, पर साडू म्हनून इचारलं न्हाई. आकड्याच्या मागं शून्य लावलं. बाराच्या वर शंभरातलं आठ तुकडं व्हतं, त्याचं ऐंशी झालं. तुमी मांडवात आला, तवा ह्यानं तुमचं हसू केलं. मंग गुरुवारी ह्याला चूक कळली. शनवारी तुमी बैल चढाला नेलं. मधी दोन दिस हा गप ऱ्हायला."

एक शब्द त्यानं धुतला नाही.

भगवंतानं प्लास्टरवर हात ठेवला.

"म्हंजे बारा झिरो आठ," तो म्हणाला.

"व्हय," चाचा म्हणाला.

"तिथं दुसरा किती व्हता?"

"बारा एकतीस. पयलं बक्षीस त्यालाच गेलं."

"म्हंजे एक नंबर."

"एक नंबर."

भगवंताचं तोंड हळूहळू उजळलं. आठवडाभरात मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं. "साळू! ऐकलंस का? पाखऱ्या एक नंबर व्हता. बारा झिरो आठ! मी म्हनत न्हवतो? बंदुकीवानी सुटला व्हता. तो कुठं बी..." त्यानं गोठ्याकडं मान वळवली. बोलणं तिथंच राहिलं. हसू तोंडावर होतं तसंच होतं आणि त्याचा हात बाजेची सुंभाची दोरी पिळत होता, एकसारखा पिळत होता.

साळुबाई पुढं आली. माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"दाजी, सोमवारी ह्यांनी तुमाला इचारलं. पाखऱ्या कुठं कमी पडला. तुमी काय म्हनला?"

माझ्या गालात सुपारी होती. नियमानं मला बोलता येत नव्हतं.

"शेवटाला ढिला पडला म्हनला. मी दाराआडून ऐकलं. तवा बी तुमाला ठावं व्हतं?"

मी चाचाकडं पाहिलं. तो जमिनीकडं पाहत होता.

"थुका ती सुपारी," साळुबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "थुका, आन् बोला."

मी सुपारी तळहातावर काढली. ओली, तपकिरी, अख्खी. सुपारी काढली तरी तोंड भरल्यासारखंच राहिलं. साळुबाई वाट पाहत होती. विळ्याच्या पात्याला कांद्याची पात चिकटली होती, ती तिनं बोटानं काढून टाकली. तरी वाट पाहत होती. मग तिनं पदर खोचला.

"उद्याच्याला येऊ नका. ऱ्हायलेला कांदा आमचा आमी काढू."

सावडीच्या माणसाला असं कुणी म्हणत नाही. वैऱ्यालाही म्हणत नाही.

"आक्का, तुझं तू बघ," ती धोंडाबाईला म्हणाली.

धोंडाबाई माझ्याकडं पाहत होती. मला वाटलं, पोत्यात गुंडाळायला ती विळा पुढं करेल. ती वळली आणि साळुबाईच्या मागोमाग वाफ्याकडं गेली. दोघी खाली बसल्या. पात तुटल्याचा आवाज यायला लागला.

चहा कुणी टाकला नव्हता. चाचा उठला, मी उठलो. भगवंतानं आमच्याकडं पाहिलं नाही. तो अजून गोठ्याकडंच पाहत होता.

फाट्यावर एसटीची वाट पाहत आम्ही लिंबाखाली उभे राहिलो. माझ्या मुठीत सुपारी होती, ती कुठं टाकावी ते कळत नव्हतं. इथं बाभूळ नव्हती. डोक्यावर बोचकं घेतलेला एक माणूस घाईघाईनं आला, रस्त्याकडं बघत म्हणाला, "चाचा, किती वाजलं? मंचरची गाडी गेली का?"

चाचानं बाही वर केली. मनगटावरच्या काट्याच्या घड्याळाकडं पाहिलं. ओठ हलले. मग त्यानं तोंड मिटलं आणि हात लांब करून मनगट त्या माणसाच्या डोळ्यांसमोर धरलं.

"तुमीच बघा, पावणं," तो म्हणाला.